डावीकडे फुलपाखरू, उजवीकडे पोपट

मी एक जुनी काचपेटी आहे. माणसाएवढी उंच, चार पायांची, दोन कप्प्यांची. मित्रांनो, तुम्ही कधी संग्रहालयात गेला असाल तर माझ्यासारख्या पेट्या तुम्ही पाहिल्या असतील. खरे तर पाहिल्या नसतील. पेटी कोणी पाहत नाही, पेटीतले पाहतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. न दिसणे हेच काचेचे काम.

डाव्या कप्प्यात एक फुलपाखरू आहे. उजव्या कप्प्यात एक पोपट होता.

मध्ये काय घडले ते सांगते.

मधली फळी

मला एका सुताराने घडवले. तो बोलायचा कमी आणि रंधा चालवायचा जास्त. संग्रहालयाचे तेव्हाचे साहेब त्याला म्हणाले, "मिस्त्री, पेटी एकच करा, पण खोल्या दोन हव्यात. मुलांनी इकडे बघावं, तिकडे बघावं आणि फरक सांगावा."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली. "म्हणजे वाटणी झालेल्या दोन भावांचं घर म्हणा की," तो म्हणाला आणि त्याने माझ्या मधोमध फळी बसवली.

दोन दारे, दोन कुलपे, छप्पर एक. वर पितळेची पट्टी आली : 'एक रंग, दोन जीव'. तेव्हापासून मी फरक सांगण्याच्या नोकरीत आहे.

डावा कप्पा

कार्ड म्हणते : *फुलपाखरू. कीटक. सहा पाय, चार पंख, हाडे नाहीत. पंखांवर सूक्ष्म खवले. अंडी लिंबाच्या पानावर. आयुष्य काही आठवडे.*

कार्डावर मावले नाही ते असे. संग्रहालयाच्या मागच्या अंगणात लिंबाचे झाड होते. त्याच्या पानावर हे फुलपाखरू आधी अळी होते, आणि लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसत होते. म्हणूनच पक्षी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते. कुरूप दिसण्याने जीव वाचतो, हे मी त्याच्याकडून शिकले. मग कोश. मग पंख. काळ्या पंखांवर हिरवी पूड कोणी फुंकर घालून उडवावी तसा रंग. ते उडाले आणि खिडकीच्या काचेला आकाश समजून तिच्यावर आपटले.

ती काच माझीच भाऊबंद.

उजवा कप्पा

कार्ड म्हणते : *पोपट. पक्षी. दोन पाय, दोन पंख, हाडे पोकळ. अंगावर पिसे. अंडी झाडाच्या ढोलीत. आयुष्य पुष्कळ वर्षे.*

कार्डावर मावले नाही ते असे. हा पोपट एका शिंप्याच्या दुकानात म्हातारा झाला. गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ, चोच लाल, जीभ तिखट. गिऱ्हाईक पायरी चढले की तो ओरडायचा, "कापड कमी आहे! कापड कमी आहे!" गिऱ्हाईक हसायचे आणि शिंपी मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा. पोपट गेला तेव्हा शिंप्याने त्याला टोपीच्या खोक्यात घालून आणले. "पुरायला हात होईना. तुम्ही काय ते करा," एवढेच तो बोलला. नंतर तो कधी आला तर माझ्यासमोर उभा राहायचा आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचा, "आता बोल की."

पोपट बोलायचा नाही. त्याचे डोळे काचेचे होते. तेवढ्यापुरते आमचे नाते.

टेबल

हे डोळे बसवले भुसामामांनी. मेलेल्या प्राण्यांची कातडी सोडवून, आत भुसा-कापूस भरून ते त्यांना पुन्हा उभे करायचे, म्हणून हे नाव. त्यांचे टेबल माझ्या शेजारीच होते, त्यामुळे मी सगळे पाहिले.

पोपटाचे कातडे त्यांनी उलटे केले आणि आतून पांढरा लेप चोपडला. चोपडताना हातात मोजे, तोंडावर फडके. साहेब डोकावले तेव्हा मामा फडक्याआडून म्हणाले, "लांबून बघा साहेब. सोमलाचा साबण आहे हा. कीड लागू देत नाही, पण माणसालाही सोडत नाही. ह्याला पुढं कुणी हात लावायचा नाही."

"बरं," साहेब म्हणाले.

सोमल म्हणजे विष. ते 'बरं' त्याच खोलीत विरले. पुढे ते साहेब गेले, त्यांच्या जागी दुसरे आले, मग तिसरे. मामाही निवृत्त झाले. कार्ड मात्र तेच राहिले आणि त्यावर सोमलाचे नाव नव्हते.

फुलपाखराला मामांनी काहीच लावले नाही. दमट डब्यात ठेवून मऊ केले, बुचाच्या फळीवर पंख पसरले, वर कागदाच्या पट्ट्या दाबल्या, छातीतून टाचणी घातली. "ह्याला नुसतं वाळवायचं," ते म्हणाले. "ह्याच्यात कुजायला आहेच काय?"

एकाला टिकवायला विष लागले. दुसऱ्याला टाचणी पुरली. मित्रांनो, माझ्या दोन कार्डांवर नसलेला हा फरक मी पुष्कळ वर्षे एकटीच जाणत होते.

बरे दिवस, नंतरचे दिवस

बरे दिवस आले. शाळांच्या रांगा माझ्यासमोर थांबत. शिक्षक विचारत, "सांगा पाहू, फरक काय?" कोणी म्हणे, "पोपट बोलतो, फुलपाखरू ऐकून घेतं." कोणी म्हणे, "पोपट विकत मिळतो, फुलपाखरू फुकट." एकदा एक मुलगा म्हणाला, "बाई, दोघांतलं साम्य म्हणजे दोघंही मेलेत." बाईंनी त्याला रांगेच्या शेवटी पाठवले. उत्तर बरोबर होते.

नंतर पुढच्या दालनात हलत्या चित्रांचे पडदे आले. मला मागच्या कोपऱ्यात सरकवले. माझी उजवी बाजू ओल्या भिंतीला टेकली. लाकूड हळूहळू फुगू लागले. मागच्या अंगणातले लिंबाचे झाड तोडून तिथे गाड्या उभ्या करायला जागा केली. माझ्यापाशी आता लोक थांबत ते बुटाची नाडी बांधायला.

एक बाई मात्र रोज थांबायची. दालनाच्या चाव्या तिच्या कमरेला असत. रोज सकाळी ती ओल्या वर्तमानपत्राने माझ्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसायची आणि न दिसणाऱ्या मुलांना रागवायची. "काच बघायला असते रे, चाटायला नाही!" सगळे तिला मावशी म्हणत. साहेब मावशी म्हणत, पहारेकरी मावशी म्हणत, तिच्याहून म्हातारे लोकही मावशी म्हणत. पण तिची खरी भाची एकच होती.

चौकशी

भाची दहा-अकरा वर्षांची होती. तिला जन्मापासून दिसत नव्हते. ती अंध मुलांच्या शाळेत शिकायची आणि सुट्टीच्या दिवशी मावशीबरोबर यायची. तिचे प्रश्न संपत नसत, म्हणून मावशीने तिचे नावच 'चौकशी' ठेवले होते.

"आली का आमची चौकशीची खिडकी?" मावशी म्हणायची. "उघड आता. किती प्रश्न आहेत आज?"

त्या दिवशी चौकशी माझ्याजवळच्या स्टुलावर बसली होती. मावशी काच पुसत होती.

"मावशी, शाळेत वाक्यं लिहायची आहेत. फुलपाखरू आणि पोपट. साम्य आणि फरक."

"मग सोपं आहे की. दोन्ही हिरवे, दोन्ही उडतात. ह्या पेटीतच आहेत दोघं."

"ते सगळ्यांनी लिहिलंय. मीसुद्धा लिहिलंय." तिने स्टुलाच्या कडेवरून बोट फिरवले. "पण हिरवं मला कुठं माहितीय? उडणं तरी मी कुठं बघितलंय? मी नुसती दुसऱ्यांची वाक्यं लिहिते गं. एक तरी माझं पाहिजे."

मावशीचा हात काचेवर थांबला.

"पोपट कसा असतो?"

"कबूतर धरलं होतंस ना हातात? तसाच. चोच वाकडी आणि शेपूट लांब."

"हं. आणि फुलपाखरू?"

"फुलपाखरू म्हणजे... हलकं."

"कशासारखं?"

"कशासारखंच नाही."

"असं काही नसतं, मावशी. सगळं कशासारखं तरी असतं."

 पुसलेलीच काच मावशी पुन्हा पुसत राहिली.  माझी सारी हयात दाखवण्यात गेली होती, आणि हिला मी काहीच दाखवू शकत नव्हते. उलट तिच्या हाताला पहिला अडथळा माझाच होता.

हात लावण्याचा दिवस

हल्लीचे साहेब मनाने चांगले. त्यांनी चौकशीच्या शाळेतल्या मुलांना बोलवायचे ठरवले. एक दिवस असा, की वस्तू टेबलावर आणि मुलांचे हात वस्तूंवर.

"जे मोडणार नाही ते काढा," साहेब म्हणाले. "शिंगं, शंख, कवटी, सुगरणीचं घरटं. आणि पोपट. पोपट दणकट आहे."

"आणि फुलपाखरू?" मावशीने विचारले.

"छे छे! बोट लागलं की चुरा होईल त्याचा."

मित्रांनो, इथे चूक झाली, आणि ती चांगल्या मनाने झाली. संग्रहालयातल्या माणसांना जन्मभर एकच काळजी शिकवलेली असते : वस्तूला हाताने काय होईल? हाताला वस्तूने काय होईल, हे कोणी विचारले नाही. मुले पोपट चाचपणार. मग खाऊ खाणार. मग बोटे चाटणार.

मी ओरडले असते. पण काचेला वाचा फुटली की लोक त्याला तडा म्हणतात.

साहेबांनी आणखी एक चांगली गोष्ट केली होती. मुलांना माहिती सांगायला त्यांनी म्हाताऱ्या भुसामामांना बोलावले होते. मी दाराकडे डोळे लावून बसले. मामा येईनात.

मुले आली. पांढऱ्या काठ्या भिंतीला टेकवून ओळीने उभी राहिली. मावशीने माझ्या उजव्या दाराला चावी लावली. कुलूप उघडले. दार उघडले नाही.

"ओढा जरा," साहेब म्हणाले.

"ओढतेच आहे. फुगलंय."

"तेल घाला."

"तेल कुलपाला लागतं साहेब, लाकडाला नाही."

साहेबांनी स्वतः बाही वर करून दार ओढले. मी कुरकुरले. माझी काच थरथरली.

"राहू दे, राहू दे. फुटेल," ते दमून म्हणाले. "पोपट नंतर बघू. बाकीचं चालू करा."

मी ते दार मुद्दाम धरून ठेवले का? मित्रांनो, खरे सांगते. मी लाकूड आहे. ओल लागली की फुगते. एवढेच मला येते. पण त्या दिवशी माझ्या म्हातारपणाचा मला पहिल्यांदा अभिमान वाटला.

एक बोट

सगळी मुले टेबलाकडे गेली. शंख कानाला लागले, शिंगांवरून बोटे फिरली, "ए, हा बैल का हरिण?" अशी भांडणे सुरू झाली. चौकशी माझ्यापाशीच उभी राहिली.

"पोपट नाही?"

"दार अडलंय बाळा."

"मग माझं वाक्य?"

 मावशीने एकदा टेबलाकडे पाहिले. साहेब मुलांच्या गराड्यात होते. मग मला माझ्या डाव्या कुलपात चावी जाणवली.

डावे दार विनातक्रार उघडले.

"एकच बोट," मावशी कुजबुजली. "फुंकर घालायची नाही. श्वाससुद्धा हळू घे."

तिने भाचीचे बोट आपल्या हातात धरून आत आणले. किती वर्षांनी आत बाहेरची हवा आली होती! बोट वरच्या पंखावर टेकले आणि पंखाच्या एका कडेपासून दुसरीकडे सरकले.

"मावशी, इथं काहीच नाही."

"आहे."

"नाही गं." मग ती थबकली. "थांब. आहे. पिठासारखं... नाही, पिठाला कण असतात. हे कण नसलेलं पीठ आहे." आणखी थोड्या वेळाने तिने विचारले, "संपलं?"

संपले होते. पंखावर बोटाएवढी रुंद वाट पडली होती. तिथला हिरवा रंग गेला होता, काळाही गेला होता, आणि मागची भिंत पंखातून दिसत होती. हिरवी पूड चौकशीच्या बोटावर चमकत होती. तिला ती दिसत नव्हती. पण ते बोट तिने बाकीच्या बोटांपासून दूर धरले होते, भरलेली वाटी धरावी तसे.

"मावशी!" साहेब मागे उभे होते. "हे काय केलंत?"

"दार उघडलं, साहेब."

"अहो, हे एकच होतं आपल्याकडं! ते झाडही राहिलं नाही आता. दुसरं कुठून आणणार?"

"माहितीय मला." मावशीने कमरेचा जुडगा सोडला आणि स्टुलावर ठेवला. "चाव्या घ्या."

"मी काय मोडलं?" चौकशीने विचारले. 

मामा

तेवढ्यात काठीचा आवाज आला. भुसामामा धापा टाकत आत शिरले. राम राम नाही, श्याम श्याम नाही. आल्या आल्या विचारले, "पोपट बाहेर काढलात का?"

"दार अडलंय मामा. उघडतच नाही."

मामा मटकन स्टुलावर बसले आणि तसेच उठले. "आई गं! चाव्या काय ठेवता बसायच्या जागी?" मग भिंतीला टेकून त्यांनी दम घेतला. "पहारेकऱ्यानं दाराशी सांगितलं, पोरं आज पोपट हाताळणार म्हणून. तेव्हापासून पळतोय. सोमल आहे त्याच्यात. तेव्हा आम्ही भुसा भरायच्या सगळ्याच कातड्यांना लावायचो. मी साहेबांना सांगितलं होतं. तुम्हाला नाही, त्या जुन्यांना."

साहेब उजव्या काचेकडे वळले. "पण तो तर सगळ्यात दणकट..."

"म्हणूनच दणकट. उगीच टिकला होय एवढी वर्षं?"

साहेबांनी लगेच सगळ्या मुलांना नळाकडे पाठवले. टेबलावरच्या वस्तूंना काही लावले नव्हते, असे मामा सांगत होते, तरी साहेब ऐकेनात. साबणाची वडी हातोहात फिरली. चौकशीची पाळी आली तेव्हा तिने चार बोटे धुतली आणि पाचवे वर धरले.

"ते पण धू," साहेब म्हणाले.

"हे नाही."

"अगं, विष असतं..."

"हे नाही धुणार. ह्याच्यावर फुलपाखरू आहे."

मामा काठी टेकत तिच्याजवळ गेले. तिचे बोट त्यांनी उजेडाकडे वळवून डोळ्यांजवळ नेले. हिरवी पूड त्यांनी बराच वेळ पाहिली. ते पंख त्यांनीच पसरले होते.

"फुलपाखराला मी काही लावलं नव्हतं," ते म्हणाले. "नुसतं वाळवलं होतं. ते बोट राहू दे तिचं."

साहेब माझ्यापाशी परत आले. उघड्या डाव्या दारासमोर थोडा वेळ उभे राहिले. मग स्टुलावरचा जुडगा उचलून मावशीपुढे धरला. "मामा म्हणतात ते बरोबर आहे," ते म्हणाले. "ही काय चाव्या ठेवायची जागा आहे? लावा कमरेला." आणि थोडे थांबून, दुसरीकडे बघत, "आणि पुन्हा असं करायचं झालं, तर आधी मला हाक मारा."

आता

नंतर एका नव्या सुताराने माझे उजवे दार रंधा मारून मोकळे केले. हातात मोजे घालून पोपटाला काढले आणि बंद डब्यात ठेवले. डब्यावर मोठ्या अक्षरात 'सोमल' लिहिले. शिंपी आता हयात नाही, ते एका परीने बरे झाले. उजवा कप्पा रिकामा आहे. मधली फळी अजून आहे, पण आता ती कोणाला कोणापासून वेगळे करते, मला सांगता येत नाही.

फुलपाखरू कोठीत जाणार होते. खराब झालेली वस्तू कोठीत जाते, असा नियम आहे. ते जायच्या आधल्या सकाळी मावशी एक जाड कागद घेऊन आली. त्यावर अक्षरे नव्हती, बोटांनी वाचायचे उठावाचे ठिपके होते. भाचीकडून ऐकून तिने ते पाठ केले होते, ते साहेबांना म्हणून दाखवले :

"फुलपाखरू आणि पोपट दोन्ही हिरवे असतात, असं सगळे म्हणतात. पोपटाला हात लावला असता तर मला लागलं असतं. फुलपाखराला हात लावला तर त्याला लागलं. म्हणून मी पुन्हा लावणार नाही. पण फुलपाखरू कशासारखं असतं ते मला माहीत आहे. ते कण नसलेल्या पिठासारखं असतं. हे वाक्य माझं आहे."

 मावशीने तो कागद माझ्या डाव्या काचेवर बाहेरून, मुलांच्या हाताच्या उंचीवर चिकटवला.

"सरळ तरी चिकटवा," साहेब म्हणाले.

"सरळच आहे. तुम्ही वाकडे उभे आहात."

फुलपाखरू कोठीत गेले नाही.

मित्रांनो, तुमच्याजवळ जपण्यासारखे काही असेल तर दोन्हीकडून जपा. वस्तूला हातापासून, आणि हाताला वस्तूपासून. जे समजले असेल ते 'बरं' म्हणून हवेत सोडू नका, पुढच्या माणसाला सांगून जा. आणि कोणी तुमच्या काचेपाशी नुसते उभे असेल, तर त्याला काय हवे आहे ते एकदा विचारा. मी विचारू शकले नाही. मी पेटी आहे.

मावशी अजून रोज सकाळी ओले वर्तमानपत्र घेऊन येते. चाटणाऱ्या मुलांना रागावते. वरची काच पुसते, खालची पुसते, उजवी सगळी पुसते. ठिपक्यांच्या कागदाभोवती आता पुष्कळ बोटांचे ठसे असतात. तिथे आली की तिचा हात वळसा घालून पुढे जातो.